तिसरं पाकीट

ठेकेदारांनी मला विचारलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. शिवणाऱ्या बाईच्या तोंडात टाचण्या असताना तिला काही विचारू नये, हा साधा नियम आहे. पण काही माणसांना समोरच्याने उत्तर न दिलेलंच जास्त आवडतं.

माझ्या दुकानातल्या आरशासमोर ते नव्या कोटात उभे होते. कोट अजून अर्धवट होता, बाह्या कच्च्या टाक्यांवर लटकत होत्या. मी त्यांच्या काखेपाशी वाकून मुंढा बघत होते, म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती गोलाई.

"आणखी आत घ्या," ते म्हणाले. "काखेत झोळ नको. फोटोत माणूस सुटसुटीत दिसला पाहिजे."

मी टाचण्या काढून हातात घेतल्या. "आणखी आत घेतला तर हात वर जाणार नाही हं. खांद्याच्या वर तर नाहीच नाही."

"मला कशाला हात वर करावा लागतोय? हात वर करतात ते नगरसेवक. मी फक्त गुच्छ घेतो. त्याला हात कमरेपर्यंत आला की पुरतो." आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले की दोन टाके सुटले.

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. मी मुंढा आत घेतला आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. तेवढ्यात ते आरशातल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "हां, आणि यंदाचं तिसरं पाकीट तुमचं. नाही म्हणू नका."

मी कशी म्हणणार?

तिसरं पाकीट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या नगरपालिकेचा नियम असा की कुठल्याही कामाला निदान तीन निविदा आल्याच पाहिजेत. निविदा हा शब्द कचेरीतला, बाजारात आम्ही पाकीट म्हणतो. पहिलं पाकीट ठेकेदारांचं. दुसरं त्यांच्या मेहुण्याचं. तिसरं बाजारातल्या कुणाचं तरी, पाळीपाळीने. तिसऱ्याने करायचं एवढंच, की ठेकेदार सांगतील त्यापेक्षा मोठा आकडा लिहायचा, सभेला येऊन भिंतीकडेच्या बाकावर बसायचं, हरायचं, चहा पिऊन घरी जायचं. त्याआधी कंत्राटदार म्हणून नोंदणी वगैरे लागते, पण ती सगळी धावपळ ठेकेदारांची माणसं करतात. आपण सही करायची. बदल्यात एक भिंतीवरचं घड्याळ मिळतं.

आमच्या बाजारातून एक चक्कर मारलीत तर किराणावाल्याकडे, सायकलवाल्याकडे, कुलपं दुरुस्त करणाऱ्याकडे तुम्हाला तेच ते हिरव्या काठाचं घड्याळ दिसेल. प्रत्येकात वेळ वेगळी. चष्मेवाल्याने दोनदा पाकीट भरलं, म्हणून त्याच्याकडे दोन घड्याळं आहेत. तो दोन्हींच्या मधली वेळ धरतो. आम्हाला यात वावगं काही वाटत नव्हतं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, आणि आम्ही आपले घड्याळ बघतो.

मी टाचण्या काढल्या. "काम कसलं आहे?"

"किरकोळ. वरच्या आळीच्या पायऱ्या. वरून सिमेंटचा एक हात मारायचा, झालं. आमचा आकडा मेहुणे येऊन सांगतील, तुम्ही त्याच्यावर काहीतरी लिहा. आणि कोट सभेच्या सकाळी हवा."

नशीब की तेव्हा टाचण्या तोंडात नव्हत्या, नाहीतर एखादी गिळली असती.

वरची आळी टेकाडावर आहे आणि माझी आई तिथे राहते. बाजारातून वर जायला एकच वाट, ती म्हणजे पायऱ्या. पूर्वी त्या काळ्या घडीव दगडाच्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध थोड्या खोलगट झालेल्या. मग नगरपालिकेला विकास सुचला. दगड उखडले, ठेकेदारांनी सिमेंटच्या पायऱ्या ओतल्या, फीत कापली, फोटो निघाला. पुढच्या पावसात पायऱ्यांच्या कडा बिस्किटासारख्या गळून पडल्या. त्यातल्याच एका कडेने आईला खाली आपटलं. खुबा मोडला, जुळला, काठी आली. वर आळीतल्या सपाटीवर ती काठी टेकत हिंडते, पण त्या घसरगुंडीवरून तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. दीड वर्ष आई खाली बाजारात आलेली नाही. माझं दुकान मुळात तिचं. दाराशी तिची वेताची खुर्ची आहे, तिथे बसून ती काजं करायची, बटणांची. अख्ख्या बाजारात तिच्या हातासारखं काज कुणाचं नाही. आता ती खुर्ची रिकामी असते, आणि काजाचे कपडे मी पिशवीत घालून वर नेते.

आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. दादा माझा मोठा भाऊ, दूर शहरात असतो. माणूस चांगला आहे, फक्त प्रत्येक गोष्ट एकदाच ठरवतो. "सुट्टी लागली की येतो आणि आईला घेऊन जातो," तो म्हणाला. "इथे लिफ्ट आहे. तिथे ती खिडकीत बसून राहते, हे काय जगणं आहे?"

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणून तर मला जास्त राग आला. आई गेली तर संध्याकाळी दुकान बंद करून मी कुणाकडे चढून जायचं? एवढाच माझा प्रश्न होता. त्याला विकास वगैरे म्हणता येणार नाही. मला माझी आई हवी होती.

त्या संध्याकाळी ठेकेदारांच्या कोटाला काजं करायला म्हणून मी वर गेले. आई खिडकीतच होती. कोट मांडीवर घेऊन तिने आधी मुंढ्यात बोटं घातली.

"अगं, किती घट्ट केलास! यात माणसाला खाजवता यायचं नाही."

"त्यांनीच सांगितलं." मग मी तिला पाकिटाचं सांगितलं.

आई हसली नाही. दोरा ओवत म्हणाली, "म्हणजे पुन्हा सिमेंट. म्हणजे पुन्हा मी इथेच." आणि थोड्या वेळाने, "दादाकडे बरं असेल. लिफ्ट आहे म्हणे."

"तुला जायचंय?"

"लिफ्टमध्ये बसून करायचं काय? कोण भेटतं त्यात?" तिने दोरा दातांनी तोडला. "दगडाच्या पायऱ्यांना काय झालं होतं गं? चांगल्या माझ्या सासूच्या सासूपासूनच्या. एक दगड फुटलेला नव्हता."

"गेले ना पण ते दगड."

"गेले? जातात कुठे? दगडाला पाय असतात का?" आईने सुईने खिडकीबाहेर खाली दाखवलं. तिथून सगळं गाव पसरलेलं दिसतं, अंगणं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे. "ते बघ, अध्यक्षांच्या न्हाणीघराबाहेर. कपडे धुतात त्याच्यावर. बांधकाम समितीवाल्याच्या बागेत बाक केलाय, दोन उभे एक आडवा. मेहुण्याच्या गोठ्यात चार-पाच. आणि तुमच्या ठेकेदारांच्या फाटकाखाली तर रांगच आहे. हातगाड्या जाताना मी इथूनच बघत होते. सगळी आळी बघत होती."

हे खरं होतं. दगड कुणाकडे गेले हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त ती बोलायची गोष्ट नव्हती, जसं एखाद्याच्या केसांच्या टोपाबद्दल कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा भाऊ, जन्मभर गवंडीकाम केलेला. आता हात थरथरतो म्हणून लोक बोलावत नाहीत, आणि बोलावत नाहीत म्हणून मामाला आणखी राग येतो. मी त्याला विचारलं, दगड मिळाले तर पायऱ्या बांधायला किती लागेल? मामाने आधी तासभर ठेकेदारांच्या सिमेंटचा उद्धार केला. मग आकडा सांगितला. मग तो बदलला. मग मामी आतून ओरडली, "तुमची मजुरी धरलीत का?" तेव्हा पुन्हा बदलला. शेवटी जो ठरला तो मेहुण्याने येऊन सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. मी तो लिहिला, पाकीट चिकटवलं आणि कचेरीतल्या पेटीत टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, झाकलं पाकीट तिच्याहून थोडं जास्त.

भीती वाटली का? वाटली. पण एक सांगते, भीतीच्या खाली कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या.

सभेच्या सकाळी ठेकेदार कोट घालून गेले. आरशात स्वतःला बघून म्हणाले, "वा! हलायलाच होत नाही!" त्यांना ते कौतुक वाटलं.

नगरपालिकेचं सभागृह म्हणजे एक लांब खोली. मधे टेबल, टेबलाभोवती नगरसेवक, टोकाला अध्यक्ष, भिंतीकडेला आम्हा पाकीटवाल्यांचा बाक. टेबलावर ठेकेदारांसाठीचा गुच्छ आधीच आणून ठेवलेला. शेजारच्या खोलीत चहाची भांडी वाजत होती, आणि प्रत्येक नगरसेवकाचा एक कान तिकडे होता.

आमच्या सभेची एक रीत आहे. हेडक्लार्क पाकिटं फोडतात आणि एका दमात वाचतात. कुणी ऐकत नाही, कारण काय ऐकायचंय ते सगळ्यांना माहीत असतं. मग ते म्हणतात, "सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करावी काय?" आणि सगळे शाळेतल्या हजेरीसारखं म्हणतात, "मंजूर!" मग "हरकत असल्यास हात वर करावा." हरकत बाकावरच्यालाही घेता येते, फक्त कुणी घेत नाही. तोंडी हरकत धरत नाहीत. मागे एका सभेत इतका आरडाओरडा झाला की खुर्च्या उडाल्या, तेव्हापासून अध्यक्षांनी स्वतःच तो नियम केलाय: तोंड बंद, हात वर, आणि हात खांद्याच्या वर दिसला पाहिजे. कोपरातून वाकवलेला हात म्हणजे डोकं खाजवणं.

हेडक्लार्कांनी पाकिटं फोडली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. माझं वाचताना त्यांचा आवाज किंचितही बदलला नाही. फक्त चष्म्यावरून एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांचं घरही वरच्या आळीत आहे, हे मला तेव्हा आठवलं. रोज दोनदा त्या पायऱ्यांवर त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

"सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करावी काय?"

"मंजूर!" अध्यक्षांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. चहा आत येत होता.

"म्हणजे तिसरी. बाजारातल्या टेलरताईंची," हेडक्लार्क म्हणाले. "हरकत असल्यास हात वर करावा."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते आधी ठेकेदारांना. ते ताडकन उठले आणि त्यांनी उजवा हात वर केला. म्हणजे करायला गेले. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. त्यांनी डावा करून बघितला. तोही तिथेच. नगरसेवक चहाचे कप हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन्ही हात बाजूला पसरून, मान पुढे काढून ते असे उभे राहिले की वाटावं, आता उडणार. तोंडातून "अहो, अहो" एवढंच येत होतं, आणि तोंडी हरकत धरत नाहीत. त्यांनी कोट काढायचा प्रयत्न केला, तर तो अर्धा उतरून कोपरांत अडकला. मेहुण्याने स्वतःचा हात वर करण्याऐवजी भावोजींचा हात खालून ढकलायला घेतला. काखेत टर्रकन आवाज झाला.

"हरकत नाही," हेडक्लार्क लिहिता लिहिता म्हणाले. "सर्वानुमते मंजूर."

मी मुद्दाम केलं नव्हतं हो. गिऱ्हाईकाने सांगितलं ते केलं. शिलाई मात्र दुहेरी घातली होती, तेवढं माझं.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा! ठेकेदार ओरडत होते, "ही फसवणूक आहे! ही बाई पाकीट जिंकायला आली होती!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "हे रद्द करा. लिहा, रद्द."

"लिहितो," हेडक्लार्क म्हणाले. "कारण काय लिहू, साहेब?"

"कारण… कारण असं की त्या तिसऱ्या आहेत."

"म्हणजे? तिसरी निविदा जिंकायची नसते, असं लिहू?"

बाकावर चष्मेवाला बसला होता, सहज बघायला आलेला. तो मोठ्याने म्हणाला, "अरेच्चा, जिंकता येतं होय!" त्याच्या चेहऱ्यावर दोन घड्याळांचं दुःख स्पष्ट दिसत होतं.

कारण काही सुचलं नाही. शेवटी अध्यक्षांनी हात झटकले. मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पायऱ्या बांधणार कशाने? या भागात दगड माझ्याशिवाय कुणी विकत नाही, आणि तुम्हाला मी वाळूचा कणही देणार नाही." मी गुच्छ उचलला, कारण तो काम मिळणाऱ्याचा असतो, आणि निघाले. दुपारी ठेकेदारांचा माणूस येऊन मला आगाऊ दिलेलं घड्याळ परत घेऊन गेला. बरंच झालं, ते मागेच पडायचं.

आता दगड. ठेकेदारांनीच फार पूर्वी प्रत्येक कामाच्या अटींत एक ओळ घालून ठेवली होती, की कामाच्या जागेवरचं जुनं साहित्य काम घेणाऱ्याचं. त्या ओळीवर त्यांनी जुने पूल खाल्ले, जुनी छपरं खाल्ली. मागच्या कामाच्या कागदांत त्यांनी पायऱ्यांचे दगड 'जागेवरच पडून' दाखवले होते, आणि आता काम घेणारी मी होते. म्हणजे पायऱ्यांचे दगड माझे, ते कुणाच्या का अंगणात असेनात.

मी, मामा आणि एक हातगाडी असे पहिल्यांदा अध्यक्षांच्या घरी गेलो. मामाने भर दुपारी फाटकातून हाक मारली, "पायरी न्यायला आलोय!" अध्यक्ष कचेरीत होते. बाहेर आल्या त्यांच्या बायको, ज्यांचे दोन झगे माझ्याकडे शिवायला पडले होते.

"कसली पायरी?"

मी न्हाणीघराबाहेरचा दगड दाखवला. मधोमध खोलगट, गुळगुळीत. त्यावर साबणाची वडी ठेवलेली होती.

त्यांनी दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग साबण उचलून म्हणाल्या, "न्या. दोन वर्षं घसरतेय मी त्याच्यावर. ह्यांना सांगून सांगून थकले." आणि हळूच, "माझ्या झग्यांचं काय?"

"उद्याच देते."

तिथून बातमी आमच्या पुढे धावली. बांधकाम समितीवाल्यांच्या बागेत पोचलो तर बाक आधीच मोडून ठेवलेला. ते स्वतः झारीने झाडांना पाणी घालत होते, आमच्याकडे पाठ करून. "काय तो दगड, कुणी टाकला कुणास ठाऊक," ते गुलाबाला म्हणाले. गाडीमागे माणसं जमायला लागली. वरच्या आळीतल्या बायका उतरल्या, बसून बसून, हातांनी टेकत, पण उतरल्या. कुणी म्हणालं, पोस्टाच्या मागे एक आहे. कुणी म्हणालं, माझ्या दिरांकडे चुलीपाशी दोन आहेत, पण माझं नाव सांगू नका. मेहुण्याच्या गोठ्यात आम्ही शिरलो तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला. त्याची आई आतून म्हणाली, "दे रे बाबा, चालताना लोक तुझंच नाव घेतात," आणि तो बाजूला झाला. पायऱ्या मुळात किती होत्या यावर कुणाचं एकमत होईना. तरुण कमी सांगत, गुडघेदुखीवाले जास्त. शेवटी खिडकीतून आईने ओरडून सांगितलं तेच धरलं.

सगळ्यांत शेवटी ठेकेदार. त्यांच्या फाटकाखालची रांग मामाने पहारीने उचलली तेव्हा ते ओसरीवर बसून बघत होते. मला वाटलं होतं भांडतील. रस्त्यावर निम्मा बाजार उभा होता, त्यापुढे बोलणार काय?

मामाचं काम सुरू झालं. हात थरथरायचा, पण दगडावर ठेवला की थांबायचा. गल्लीतले लोक येता-जाता एखादं घमेलं उचलून द्यायचे. वाळू किराणावाल्याच्या भावाने आणली, बाहेरगावाहून. दादाची सुट्टी जवळ येत होती आणि मी रोज वर चढताना पायऱ्या मोजत होते, खालच्या किती झाल्या, वरच्या किती राहिल्या. शेवटी सगळ्या बसल्या, आणि एक कमी पडली. सगळ्यांत खालची, बाजाराला लागून असलेली. त्या पायरीवाचून खाली एवढा मोठा खड्डा राहिला की आईला पाय टाकणं शक्यच नव्हतं.

"ती ठेकेदारांच्या ओसरीत आहे," आई खिडकीतून म्हणाली. "भिंतीला टेकवलेली. पोतं टाकायच्या आधी बघितलं मी, त्याच्यावर काहीतरी कोरलंय."

मी एकटीच गेले. खरंच होता दगड, पोत्याखाली झाकलेला. वर कोरलं होतं, 'या पायऱ्यांचे काम यांनी पूर्णत्वास नेले', आणि खाली ठेकेदारांचं नाव, ठळक, सोनेरी रंगात. उद्‌घाटनाला लावायची पाटी त्यांनी काम मिळायच्या आधीच करून ठेवली होती, आणि विकतचा दगड कशाला घ्यायचा, म्हणून आमच्याच पायरीवर.

ठेकेदार बाहेर आले. अंगात साधा सदरा होता आणि ते एकदम वयस्कर वाटले. "हा तरी राहू द्या," ते म्हणाले. "कोरायला फार सुरेख माणूस बोलावला होता."

मला, खरं सांगते, थोडी दया आली. पण दीड वर्ष खिडकीत बसलेल्या बाईची आठवण दयेपेक्षा जड होती. "माझ्या आईला एक पायरी कमी आहे," मी म्हणाले.

त्यांनी बोटाने आपल्या नावावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "निदान उलटा बसवा."

मामाला विचारलं तर मामा म्हणाला उलटा बसतो, सुलटाही बसतो. मी वर बघितलं. आई म्हणाली, "नाव वर ठेव. माणसाने आयुष्यात एक तरी पायरी दिली, लोकांना कळू दे की." टिंगल होती का ती? आईचं काही सांगता येत नाही. नाव वर आलं. ठेकेदार अजूनही त्या वाटेने जाताना शेवटच्या पायरीवर पाय देत नाहीत. दुसरीवरून थेट रस्त्यावर उडी मारतात, ह्या वयात.

दादा ठरल्या दिवशी आला. दुपारची गाडी, हातात आईसाठी रिकामी सूटकेस. माझ्या दुकानासमोरून गेला तेव्हा आत बघायचंही त्याला सुचलं नाही, इतका तो ठरवून आला होता. तडक पायऱ्या चढायला लागला. शहरात लिफ्ट असते ना. मधे तीनदा थांबला, सूटकेस या हातातून त्या हातात घेतली, रुमाल काढला, वर पोचला. खालून आम्हाला सगळं दिसत होतं.

आम्हाला म्हणजे मला आणि आईला. सकाळीच ती आली होती. कुणाला न सांगता. मी दुकान उघडत होते आणि मागून काठीचा आवाज आला, ठक, ठक. वळून बघितलं तर शेवटच्या पायरीवर आई उभी, ठेकेदारांच्या नावावर काठी टेकून. मी रडले. रस्त्यात, सगळ्यांसमोर. आई म्हणाली, "रडतेस काय, खुर्ची पूस. धूळ बसली असेल." मग ती आपल्या खुर्चीत बसली, दाराशी, आणि म्हणाली, "दे काय असेल ते." मी ठेकेदारांचा कोट दिला. दुरुस्तीला आला होता, काखेत फाटलेला. ती मुंढा उसवत बसली, नीट, मोकळा.

फोन वाजला. दादा. धाप इतकी लागलेली की शब्द फुटत नव्हते. "आई… आई घरात नाही! दाराला कुलूप आहे! कुठे गेली ती?"

मी फोन आईच्या कानाशी धरला. तिने दातांनी दोरा तोडला, आणि मग निवांतपणे म्हणाली, "दुकानात आहे. ये खाली. आणि हे बघ, पुढच्या वेळी येताना आधी इथे विचारत जा. मी घरी असतेच असं नाही."